गोजरामायचा दम

पुणे, जानेवारी १९७६

बाबा,

प्रभूच्या नावानं तुमाले अन् मायले सलाम. मी खुशाल आहो. कारखान्यातलं काम जमून राह्यलं, खानावळीत पोटभर जेवतो. मायले सांगजा, मफलर बांधूनच फिरतो.

दर रविवारी चर्चात उपासनेलेही जातो, कायजी करू नका. इथली पोरं गिटार अन् ड्रम वाजवून प्रभूची नवी गाणी म्हणतात. सारे उभे राहून डोये मिटतात, काही तर रडतात. मी एकटाच डोये उघडे ठेवून पाह्यत राह्यतो. पाय ठेका धरतात, पण आत काहीच हालत नाही. परवा गाणं चालू असतानाच बाहेर निंगून आलो. माह्यातच खोट आली काय?

रिठदले आपल्या घरी भजनात गोजरामायले धाप लागली का तुमी खंजिरी थांबवता. म्हातारीनं दम घेतला का मंग सारे संगच पुढची ओळ म्हणतात. तेवढ्या वेळात देव बाजूले येऊन बसल्यावानी वाटे. इथं कोणी कोणासाठी थांबत नाही.

गोजरामाय बरी हाये ना? येत्या रविवारी तिनं दम घेतल्यावर आणखी जराक थांबजा, बाबा. मीही मांगं राह्यलो.

तुमचा लेक
शमुवेल