पान लागलं

३ ऑक्टोबर
आज परसात साप निघाला. सहा फूट. रंजना म्हणते चार. अळूतून सरळ मोगऱ्याखाली गेला. मी तत्काळ खुर्चीवर चढून परिस्थितीचा आढावा घेतला. बायको मात्र कढीपत्ता तोडत होती ती तोडतच राहिली. वर मलाच सांगते, "धामीन शे ती. उंदरं खास. तुम्हले काय करस?" उंदीर खातात म्हणून म्हसावदला तिच्या माहेरी गोठ्यात राहू द्यायचे म्हणे. बायकांना धोका कळत नाही.
रिटायर झाल्यापासून या घरात मला कुणी काही विचारत नाही. आता विचारावं लागेल.
संकल्प: रंजनाला या संकटातून वाचवणे. शिवाय पान बंद. तंबाखूचं तर कायमचं.

४ ऑक्टोबर
घराला नियम सांगितला. दिवेलागणीनंतर 'साप' म्हणायचं नाही, नाव घेतलं की येतो. 'जनावर' म्हणायचं. चावला तर 'पान लागलं' म्हणायचं. वडील असंच म्हणत. घर म्हणजे रंजना एकटीच, मुलगी कामिनी लग्न होऊन सुरतला. रंजनानं सगळं ऐकून घेतलं आणि माझे ओठ लाल कशानं झाले ते विचारलं. बीट खाल्लं म्हणालो. घरात बीट आणलेलंच नाही, हे तिनं लगेच काढलं. संशयी स्वभाव.

७ ऑक्टोबर
मोगऱ्याखाली कात सापडली. रंजनाच्या उशाशी ठेवली. एकदा किंचाळली की सगळं सुरळीत होईल. मी धावत जाणार, धीर देणार. पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता.
किंचाळली नाही. कात उजेडात धरून "कशी जाळीदार शे, दखा" म्हणाली आणि नातवाला दाखवायला पेपरात गुंडाळून ठेवली. पाणी मीच प्यायलो.

९ ऑक्टोबर
शेजारच्या दाऊदभाई टेलरना सांगितलं की नाग आहे, फणा काढून अंगावर आला, मी नुसत्या नजरेनं परतवला. ते म्हणाले, "वो तो धामन है, नवनीतभाई. मेरे यहाँ भी आती है." भिंतीखालच्या भोकातून तिची ये-जा असते म्हणे. शत्रूचा मार्ग कळला. दाऊदभाई माणूस चांगला, पण नाग ओळखता येत नाही.

१२ ऑक्टोबर
मोहीम फत्ते! दलसिंगला मजुरीवर बोलावून परस साफ करून घेतलं. अळू, गवती चहा, कढीपत्ता, लग्नानंतर तिनं माहेरून आणलेला मोगरा, सगळं गेलं. आता भिंतीपर्यंत सरळ दिसतं. भोकात सिमेंट मी स्वतः भरलं. पाला पेटवला. रंजना पायरीवर बसून होती. डोळ्यांत पाणी. धुरामुळे असावं. म्हणाली, "जनावरनं नाव लिसन मन्हा मोगरा तोडा तुम्ही." हे चुकीचं आहे. मोगरा दलसिंगनं तोडला.
यशाबद्दल एक पान खाल्लं. साधं. तंबाखू नावापुरती.

१४ ऑक्टोबर
रंजना सुरतला गेली. "आते आठे काय शे मन्हं?" एवढंच बोलली. इथे तिचं काय म्हणजे? मी आहे. दोन दिवसांत येईल. मीठ कुठल्या डब्यात, साखर कुठल्या, काहीच सांगून गेली नाही, म्हणजे लगेच येणार.

२० ऑक्टोबर
घरात उंदीर. साबण खाल्ला, माझा एक मोजा नेला, गव्हाच्या कोठीमागे सतत खडबड. याचा सापाशी काही संबंध नाही. रंजना नसल्यामुळे शिस्त बिघडली आहे. फोन केला. कामिनी म्हणाली, आई झोपलीये. सकाळचे अकरा वाजले होते.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
घात झाला. कोठीमागे हात घातला. पानाची पुडी तिथे असते, सवय सुटावी म्हणूनच लपवली आहे. बोटाला काहीतरी कडकडून चावलं. धामणीचा सूड! पण दिवे लागले होते, म्हणून नियम पाळला. रंजनाला फोन लावून ओरडलो, पान लागलं! ती म्हणाली, "मंग तंबाखू कसाले खाधी? मीठ-पानी पिया नि पडी ऱ्हावा." फोन बंद. भिंतीवरून दाऊदभाईंना हाक मारली, पान लागलं! ते जेवता जेवता म्हणाले, "पान में किमाम ज़्यादा हो गया क्या?"
शेवटी नियम मोडला. "साप, साप" ओरडत रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी बोट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उंदीर. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. रिक्षावाला कुणाला सांगणार नाही म्हणालाय.

२७ ऑक्टोबर
सगळ्या गल्लीला कळलं आहे.

२८ ऑक्टोबर
रंजनाचा फोन. बोटाचं विचारलं नाही. कामिनीच्या बाल्कनीत मोगऱ्याची काडी लावली आहे, तिला पानं फुटली. तोडला त्याच दिवशी उचलली असणार. मी म्हणालो, ये आता. तुझ्याशिवाय घरात मला भीती वाटते. उंदरांची.
तिनं विचारलं, "धामीन ऊनी का परत?"
नाही म्हणालो. आता दाऊदभाईंकडेच असते, त्यांच्याकडे एक उंदीर नाही.
"मंग मी बी नही."

संध्याकाळी पहार घेऊन भोकातलं सिमेंट फोडलं. फार वेळ लागला, माझं काम पक्कं असतं. आता भोकासमोर खुर्ची टाकून बसलो आहे. आतापर्यंत एक उंदीर आला.