जळक्या बोर्डावरचे व्हॉल्व्ह

उस्ताद, आज एक अ‍ॅम्प्लिफायर उघडला आणि खरं सांगतो, किळस आली. गिटारचा, परदेशी, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. बाहेरून शेरवानीतल्या नवरदेवासारखा. आत पाहिलं तर हात पोळावा इतके तापणारे व्हॉल्व्ह थेट छापील सर्किटच्या पातळ बोर्डावर बसवलेले. बोर्ड कोळशासारखा काळा, बोट लावलं की पापुद्रे निघतात. शेगडीवर प्लास्टिकची वाटी ठेवायची आणि तिला कारागिरी म्हणायचं, असला प्रकार. शी!

तो घेऊन आलेली बाई पुसदची, लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. भर गाण्यात दोनदा तिच्या गिटारचा आवाज गेला. "काका, उद्या पुन्हा बंद पडला त मालक मले काढूनच टाकते. आताच म्हणून राह्यला, बाईच्या हातात मशीन टिकत नाही." मी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, बोर्ड बदला. "अन् तोही जळला त?" "मग पुन्हा बदला." इतक्या थंडपणे! वर ऐकवतो, तुम्ही काही फेरफार केला तर गॅरंटी संपली. मी बाईकडे पाहिलं. "त्या गॅरंटीनं दोनदा तोंडघशी पाडलं," ती म्हणाली. "घाला हात, काका."

तुमचं टिनाच्या छपराचं दुकान डोळ्यांपुढे आलं, मी तिथं शिकायला होतो तेव्हाचं. टॉकीजच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह खोचायचा सॉकेट मी बसवलाय. तार नुसती टेकवून वर सोल्डरचा चकचकीत गोळा. तुम्ही चिमट्यानं ती तार ओढता आणि ती अलगद बाहेर येते. "ये सोल्डर है के शेण थापलं बे? आधी तार आकड्यात वळव. सोल्डर नसलं तरी लटकून राह्यली पाहिजे." मग स्वतः चहा पाजून सगळं पुन्हा करायला लावता. आज मी बोर्डाचा जळका तुकडा कापून फेकला, सॉकेट खालच्या लोखंडी पत्र्यावर स्क्रूनं कसले आणि एकेक तार आकड्यात वळवली. तोंडानं कंपनीचा उद्धार चालूच होता. बाई हसत होती.

मशीन चालू केली. दुरुस्तीनंतर तुम्ही गाणं लावू द्यायचा नाहीत. काही न वाजवता आवाज पूर्ण वाढवून नुसतं ऐकत बसायचं. खराबी असेल तर ती तेव्हाच बोलते, म्हणायचात. तसाच डोळे मिटून बसलो. एकदम साफ. "न्या बाई, आता नाही मरत हा," मी म्हणालो.

तिनं मान तिरपी केली. "काका, बारीक शिट्टी येऊन राह्यली ना."

"कुठं?"

"हे काय, आताही. तुमाले नाही येत ऐकू?"

"येते ना. तुमचा कान पाहून राह्यलो होतो," मी हसून म्हणालो. तारा फार जवळ आल्या की असली शिट्टी येते; मग आतली एक तार शेजारच्या तारेपासून हळूहळू लांब सरकवत नेली. नजर मात्र तिच्या चेहऱ्यावर. "गेली!" ती म्हणाली. तिथंच तार बांधून टाकली. बाई खुशीत गेली, आणि उद्या तिची गिटार वाजेल, याची मला खात्री आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहितो, उस्ताद. ती शिट्टी मला ऐकू आलीच नाही. होती तेव्हाही नाही, आणि गेली तेव्हाही कळलं नाही.