आप्पांच्या वहीतली ती ओळ

मंगळवार, संध्याकाळी सात

१. पर्यावरणाच्या मॅडम म्हणाल्या, बारावीचा एकच प्रकल्प दोन विषयांना देणं म्हणजे नक्कल.
२. इलेक्ट्रॉनिक्सचे सर म्हणाले, मॅडम हो म्हणाल्या तर माझंही हो.
३. दोघांना एका टेबलाशी बसवलं.
४. दोघांनी सह्या केल्या.

नवा प्रकल्प करायला वेळच नव्हता, त्यामुळे सगळं तिसऱ्या पायरीवर अवलंबून होतं. आमच्या बागेत द्राक्षाचं पान ओलं राहिलं की रोग येतो. माझं सर्किट पानाशेजारी लावलेल्या पट्टीवरून तो ओलावा मोजतं.

"हे तुझ्या वडिलांच्या हाताला कळत नाही?" मॅडमनी विचारलं.

कळतं. म्हणून तर आप्पा रोज सकाळी पानाला हात लावून वहीत लिहितात. ती वही पुढे केली. एका दिवशी सर्किट म्हणालं ओलं आणि आप्पांनी लिहिलं होतं कोरडं.

"मग बरोबर कोण?" सर.

"आप्पा. माझ्या पट्टीवर फवारणीचा थर बसला होता. वही नसती तर कळलंच नसतं."

मॅडम सरांकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे पानाच्या निरीक्षणाशिवाय, माझ्या विषयाशिवाय, तुमचं यंत्र खोटं बोलतं." आणि पेन मागितलं.

कालपर्यंत मी अहवालातून तीच ओळ गाळणार होते. का? चूक दिसू नये म्हणून? जिंकले ते त्याच ओळीवर.

आप्पा दिंडोरीहून फोनवर म्हणाले, "मंग माझा हात पास झाला म्हण की." मी हो म्हणाले. नंतर बराच वेळ एकटीच हसत होते.

आता प्राचार्य राहिले. त्यांना लिहिलेल्या अर्जाची शेवटची ओळ: दोन्ही विषयांसाठी हा एकच प्रकल्प ग्राह्य धरला जाईल का, हे कृपया शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.