मेंढरं मोजायची नसतात

मामा, गेल्या आठवड्यात आप्पा येऊन गेले. तुमच्या जोडीनं जन्मभर मेंढरं राखली ते आप्पा. दौंडच्या ह्या घराला फाटक आहे आणि फाटकावर माणूस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या वस्तीवर शिरायचे तसे ते सरळ आत आले, हटकल्यावर वहाणा हातात घेऊन पायरीपाशी उभे राहिले. ते गेल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. सासऱ्यापुढं सुनेनं इतकं बोलू नये, पण पोरी सासरी गेल्या आणि ह्या घरात मी बोलावं असं दुसरं कोणी उरलं नाही.

तुम्हाला आठवतं का, मी नवी नवरी असताना तुम्ही मला रागावला होता? मॅट्रिक झालेली सून म्हणून तुम्हाला कौतुक होतं, आणि थोडी धास्तीही. मी किराण्याचा हिशेब मांडायला बसले की तुम्ही चुलीपुढनं हसायचात, "आता मिठाचा खडा बी लिव्हणार ही." त्या दिवशी दिवेलागणीला मेंढरं वाघुरीच्या जाळीत शिरताहेत आणि मी कडेला उभी राहून बोट नाचवत मोजतेय. तुम्ही लांबूनच ओरडलात, "बोट खाली कर आधी! मेंढरं मोजत्यात व्हय? मोजलं की कमी हुतंय." मला रागच आला. पदराआडून म्हटलं, "मग एखादं हरवलं तर कळायचं कसं?" तुम्ही घोंगडं खांद्यावर सावरलंत. "घरातलं मानूस आलं न्हाई, तर मोजून कळतंय व्हय तुला?" कळपावर नुसती नजर फिरवलीत, "कानफाटी वढ्याला ऱ्हायली" म्हणालात, आणि काठी घेऊन निघालातसुद्धा.

तुमच्या लेकानं तुमच्याकडून जमीन घेतली, घर घेतलं, पण खरी घेतली ती ही नजर. हंगामात पाटसच्या कारखान्यावर काम आणि एरवी सायकलवरून वस्त्यावस्त्या. कुणाची मेंढरं कोंडवाड्यात घातली की हे दौंडच्या तहसील कचेरीपुढं जाऊन बसायचे, आणि मागनं माणसं येऊन बसायची. बैठक आपल्याच ओसरीवर. मी आत भाकरी थापतेय, आणि बाहेर ह्यांचा आवाज येतोय, "ती तळ्यावरची म्हातारी का न्हाई आली रं?" कोणी म्हणायचं, "यील की मागनं." पण हे बैठक मोडून बघायला जायचे. ती तापानं फणफणलेली सापडली, तेव्हा तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत, पण त्या दिवशी तुम्ही एक भाकरी जास्त खाल्लीत. मला वैनी म्हणणारी माणसं तेव्हा थेट चुलीपर्यंत यायची, झाकण उचलून "कालवण काय हाय?" विचारायची. मला त्याचा त्रास व्हायचा. आता वाटतं, या रे बाबांनो, उचला झाकण.

तुम्ही देवाघरी गेल्यावर ते जिल्हा परिषदेवर गेले, आणि पुढं आमदारकीचं तिकीट मिळालं. तेव्हा पुण्याहून शिकलेली माणसं आली आणि मतदारयाद्या पसरून बसली. एकानं विचारलं, "ह्या वस्तीवर मतं किती?" हे म्हणाले, "तिथं आपला आप्पा ऱ्हातो." सगळे हसले. हेही हसले, पण ओशाळून. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. दोन-चार बैठका झाल्यावर वस्तीचं नाव निघायच्या आत हेच आकडा सांगायला लागले. तो चुकायचा नाही. माणसं म्हणायची, साहेबांचं डोकं तेज आहे. मला मात्र तुमचा आवाज ऐकू यायचा, बोट खाली कर.

निवडून आले, आता हे मुंबईला असतात. काम करतात मामा, खोटं कशाला बोलू. रस्ते झाले, शाळेच्या खोल्या झाल्या. पण आप्पा आले, तेव्हा ह्यांच्या इथल्या पी.ए.नं विचारलं, "बाबा, तुमच्या वस्तीवर मतदान किती?" आप्पा म्हणाले, "आमी मेंढरं बी मोजत न्हाई लेकरा, मानसं कुठनं मोजू?" मी बाहेर गेले, त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. म्हणाले, "आता तुला वैनीसाहेब म्हनायचं का सूनबाई?" मी म्हटलं, "टोमणे मारा, पण चहा घ्या." तेव्हा बशीत ओतून घेतला. पुन्हा मेंढरं कोंडवाड्यात अडकली होती, तेच जुनं दुखणं. जाताना म्हणाले, "त्याला म्हनावं, काम न्हाई झालं तरी चालंल. येऊन बसून जा म्हनावं."

मी फोन लावला. आप्पा आले होते म्हटलं. तिकडून लगेच, "बरोबर किती जण होते?"

मी म्हटलं, "एकटेच होते. तुम्हाला बोलावलंय." हे म्हणाले, "अगं, एका आप्पाकडं दिवस घालवला तर दहा वस्त्यांची कामं ऱ्हातात." तेही खोटं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या एका फोनवर मेंढरं सुटली. हे गेले नाहीत, आणि आप्पाही परत आले नाहीत.

रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावते, खंडोबाच्या टाकाला हळद वाहते. हे नसले तरी दिवाणखान्यात कामं घेऊन आलेली माणसं खच्चून बसलेली असतात, चहावर चहा चाललेला असतो. दारात उभी राहून मी नुसती नजर फिरवते, तुम्ही फिरवायचात तशी. कोण आलं नाही ते कळतं. पण ओढ्याकडं कुठं जायचं, ते कळत नाही.

हे पत्र कुठं धाडायचं? हे बघतील म्हणून देव्हाऱ्यातही ठेवायचं नाही, उद्या चहाच्या आधणाखाली घालीन. एक तेवढं कबूल करते. यंदा हे घरी जेवले ते दिवस मी मघाशी मोजायला घेतले होते, बोटांवर. एका हाताची बोटं संपायच्या आत हात मिटून घेतला. मोजलं की कमी होतं, तुम्हीच म्हणायचात.