प्रवेगकावर फोडलेला नारळ

विश्रामबाग, सांगली

ती. दादासोमामांना,

संयोगिताचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? मामींना म्हणावं, मी वेळेवर जेवते (खोटं आहे, पण म्हणावं).

मी शिकवते त्या विद्यापीठातल्या प्रवेगक प्रयोगशाळेला पन्नास वर्षं झाली. प्रवेगक म्हणजे अणूहून बारीक कणांना पळवणारं यंत्र. आमच्या विभागात पळणारं तेवढंच. ते वीरधवल सरांनी तरुणपणी विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभं केलं, चुंबकाची तारसुद्धा स्वतः गुंडाळली. पण आमचे विभागप्रमुख धैर्यशीलराव यांनी समारंभासाठी जो इतिहास लिहिला, त्यात सर एका ओळीत उरकले आणि धैर्यशीलराव चार पानं व्यापून उरले. (यंत्र उभं राहिलं तेव्हा हे गृहस्थ पाळण्यात होते.)

यंत्र चालवून दाखवायचं होतं, म्हणून मी आठवडाभर खपले. पाहुणे एका साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि कुणी अडवायच्या आत नारळ थेट नियंत्रणपेटीवर फोडला. पाणी आत, ठिणगी बाहेर, अख्ख्या इमारतीची वीज गुल. अशा वेळी धैर्यशीलरावांचं डोकं फार चालतं (एरवी विश्रांती घेतं). कण अंधारातच नीट दिसतात, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामा. चेअरमन शेजाऱ्याला म्हणाले, "मला दिसला की. हिरवा हुता."

मग मागच्या रांगेतल्या वीरधवल सरांना बोलायला बोलावलं. ते मंचाकडे न जाता यंत्रापाशी गेले आणि रुमालानं पेटी पुसू लागले. "आधी हे पुसून घेऊ," एवढंच म्हणाले. मीही शेजारी बसून पुसू लागले. रागानं मी पेटीचा रंग निघेल इतकं घासत होते. सर मात्र पेटीत सापडलेलं खोबरं शांतपणे चघळत होते.

आता यंत्र भंगारात जाणार आणि तिथं सेल्फी पॉइंट होणार. बिघाड कुणामुळं झाला ते चौकशी समिती ठरवेल. समितीचे अध्यक्ष धैर्यशीलराव. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पेटी मी दुरुस्त करीन गं. जागा कोण देतंय?"

तुमची,
संयोगिता

ता. क. यंत्र उचलून न्यायचं असेल तर न्या, असं धैर्यशीलरावांनी सही करून दिलंय. तासगावातलं तुमचं बेदाण्याचं शेड सध्या रिकामं आहे ना? रविवारी ट्रॅक्टर-ट्रॉली पाठवा. सर सोबत येतील, मुक्कामालाच. जेवण साधं चालतं.

ता. क. २. मामींना मी फोनवर कपाट येतंय म्हणून सांगितलंय. ते उतरवायला क्रेन लागेल, हे मात्र तुम्ही सांगा.