वगातली राणी

३ फेब्रु. २००२
मंचरच्या खेळणीवाल्या शेठनी मी बनवलेला फाशांच्या खेळाचा पट पुण्याच्या खेळण्यांच्या कंपनीत दाखवला. साहेबांना आवडला. पण पटावरची राणी, सरदार, हवालदार सगळी तमाशाच्या वगातली. साहेब म्हणाले, "वग कुणाचा? त्याची लेखी परवानगी आणा."
हे मला सुचलंच नव्हतं. वग जत्रेत पाहिला, चित्रं मी काढली. दुकानांच्या पाट्या रंगवतो, देवांची चित्रंही काढतो. कुणाला कधी विचारलं?

६ फेब्रु.
नारायणगावला त्या तमाशाचे फडमालक आबा यांच्याकडे गेलो. "न्या की राव! गावोगावची पोरं तोंडपाठ म्हणत्यात, आमी कुणाला अडवलं?"
लिहून द्या म्हणालो, तर कप खाली ठेवला. "सही? मंग वकिलाला इचारावं लागंल." मग म्हणाले, वग लिहिला शाहिरांनी. ते वारले. बायको महाळुंग्यात असते.

११ फेब्रु.
महाळुंगे पडवळ. शाहिरांच्या काशीबाई लसूण निवडत होत्या. "फड आबांचा म्हून वगबी त्यांचा व्हतो का?"
पट उलगडायला लावला. कसं खेळायचं विचारलं. सांगितलं, हवालदारानं राणीला गाठलं की राणी मेली, खेळ संपला.
बाईंचा हात थांबला. "आबा लई मागं लागलं, राणीला मारा, लोक रडतील. ह्यांनी मरू दिली न्हाई. अन् पावणं, तुमी फाशावर मारता? ती मरणार नसंल तर देते लिहून. न्हाईतर च्या घ्या."
ती मेली नाही तर खेळ संपत नाही. चहा घेतला.

१२ फेब्रु.
देवळात कीर्तन. सगळं ऐकू आलं. पोचलं काही नाही.

१९ फेब्रु.
शेठ : "भाऊ, नावं बदला, लुगडं बदला. राणीची सावकारीण करा. कोण ओळखतंय?"
केली. वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. तेही वाटलं नाही.
सौ. पट बघून म्हणाली, "राणी रागावल्यागत दिसती."
सावकारीण आहे, म्हणालो.
"काहीबी."

२३ फेब्रु.
कंपनीचा इंग्रजी कागद आला. शेठनी वाचून दाखवला. लिहिलंय, पटातलं सगळं माझं स्वतःचं, कुणी हरकत घेतली तर जबाबदार मी. "सही इथंच उरका." उद्या करतो म्हणालो.

२४ फेब्रु.
आंघोळ, पूजा झाली. देवाशी रोज दोन शब्द बोलतो. आज बसून राहिलो.
कागद खिशात. सही नाही. कागद पुण्याला न्यायला शेठची जीप दारात आली, हॉर्न वाजतोय. सौ. आतून : "अवो, जाताय न्हवं?"
चपला घातल्या आहेत. पेन हातात आहे, त्यानंच हे लिहितोय.