राखणेचा कोंबडा

मिठबाव,
फेब्रुवारी १९५९

प्रिय बाळा,

तुझं पत्र पोचलं. येत्या बोटीने देवगडला उतरतोस, माझी ट्रंक बांधतोस, घराला कुलूप लावतोस आणि मला मुंबईला घेऊन जातोस, असं सगळं तू एका दमात लिहून टाकलंस. थोरल्या बहिणीला विचारायचं तेवढं राहून गेलं. असू दे, लहानपणापासून तू तसाच. जानकीने खोलीत माझ्यासाठी जागासुद्धा करून ठेवली, हे वाचून मात्र माझे डोळे भरून आले. बायको चांगली मिळाली हो तुला.

राखणेचा कोंबडा मुंगसाने फोडला, एवढंच मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तू त्यावरून अर्थ लावलास की घर राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, बोललेला कोंबडाच गेला, म्हणजे घराची राखण उठली, आणि हे वारल्यापासून आक्का तिथे एकटी. मुंबईत एवढी वर्षं काढून तू अजून कोकणातलाच राहिलास, याचं खरं तर मला बरं वाटलं. पण कोंबडा मेला नाही रे. मी लिहितेय आणि तो पडवीत तांदूळ टिपत फिरतोय.

कोंबड्या कोंडून ठेव, नाहीतर एक उरायची नाही, म्हणून तू गेल्या साली तारेची जाळी पाठवलीस. तुझा शब्द मोडवेना, म्हणून कोंडल्या. कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या, एकमेकींची पिसं उपटायच्या, अंडी तर बंदच झाली. मला त्यांच्याकडे बघवेना. हे गेल्यावर मीही तशीच दार लोटून बसले होते, ते आठवायचं. शेवटी एका सकाळी जाळी काढून टाकली आणि खुराड्याचं दार उघडलं. रात्री तेवढं लावते. तुझ्या जाळीवर आता कोकमाची सोलं वाळतात, छान वाळतात.

हे फुकट झालं नाही. घारीने दोन पिल्लं माझ्या डोळ्यांदेखत उचलली. पांढरी कोंबडी कोल्ह्याने नेली, तेव्हा मी जेवले नाही. तरी दुसऱ्या दिवशी दार उघडलं. आमचे चुलतसासरे दाजी कुंपणापलीकडून म्हणाले, “काय गो मथुरा, कोल्ह्याक जेवण घालतंस काय?” मग एकदा तांबडी कोंबडी दिसेनाशी झाली. मी तिच्यावर पाणी सोडलं होतं, तर एके दिवशी करवंदीच्या जाळीतून बाई पिल्लांचं लटांबर घेऊन डौलात अंगणात आली. आता घारीची सावली पडली की सगळ्या काजूच्या झाडाखाली शिरतात, मला हाकलावं लागत नाही. वाडीतल्या बायका उबवायला अंडी माझ्याकडूनच नेतात. हे मी मिरवायला लिहितेय, आणि मिरवणारच.

आता त्या कोंबड्याचं. मुंगूस भरदिवसा पिल्लांत घुसलं. बाकीच्या ओरडत पळाल्या, हा पळाला नाही. मी कोयती घेऊन विहिरीमागे पोचेपर्यंत त्याने मुंगसाला अडवून धरलं होतं. मुंगूस गेलं, याचा एक डोळा गेला. हळद भरून मी त्याला वाचवला. पुढे राखणेचा दिवस जवळ आला तसे दाजी कोंबडा बघायला आले, त्याची मान वळवून बघितली आणि म्हणाले, “ह्यो चलाचो नाय गो. एका डोळ्याचो कोंबो राखणदाराक कसो देवचो?” व्यंग असलेला मान चालत नाही, तुला ठाऊकच आहे. पोराबाळांची राखण करायला गेला आणि स्वतःच सुटला. मी पदराआड हसले. त्याच्याऐवजी द्यायला तांबडीच्या त्या पिल्लांतलाच एक कोंबडा तयार झाला होता. दार लावून बसले असते तर तो आला कुठून असता?

ज्यासाठी लिहायला बसले ते आता सांगते. परवा आपली राखण दिली. देवाला घालायच्या गाऱ्हाण्यात पूर्वी यांचं नाव असायचं, हे गेल्यापासून दाजी स्वतःचंच घ्यायचे. या खेपेला नारळ हातात घेऊन ते थांबले आणि म्हणाले, “नाव कोणाचा घेव?” मी म्हटलं, “घरात मी रवतंय. माझा घेवा.” दाजींनी नारळ पुढे धरला. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, आज ह्या मथुरान तुका मान दिल्यान हा, तो मानून घे, आणि तिच्या घरादाराची, कोंब्यापिल्लांची राखण कर रे म्हाराजा.” जमलेली सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.” बाळा, माझ्या नावाने राखण असलेलं घर आहे आता हे. तू ये, जानकीलाही आण, पोटभर जेवा. कुलूप आणलं असशील तर तेवढं परत घेऊन जा.

तुझीच,
मथुराक्का